विचारल्याशिवाय न पुसणाऱ्या खांबेटे बाई

खांबेटे बाईंचं नाव आधी घेतो. मालती खांबेटे, कोथरूड. आज मी पुण्यात आहे आणि माझ्या खिशात कुणाच्या तरी गाडीची चावी आहे, ती या बाईंमुळे. काय घडलं ते पुढं सांगतोच. पण गोष्ट सांगता सांगता माणूस स्वतःबद्दलच बोलत सुटतो आणि ज्यानं हात दिला त्याचं नाव शेवटी घाईत उरकतो. माझं तसं व्हायला नको.

बाई तेव्हा पासष्टीच्या असाव्यात. ठेंगण्या, सुती साडी, आणि साडीवर कारखान्यातला निळा कोट. कोटाची कोपरं दोनदा शिवलेली. कोथरूडच्या एका जुन्या तीन मजली सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये एका गाडीपुरती जागा, हेच त्यांचं गॅरेज. आत एक लोखंडी टेबल, एक स्टूल आणि स्टीलच्या पेल्यात कोरा चहा. तरुणपणी त्या एका ट्रकच्या कारखान्यात गियरबॉक्स तपासायच्या. त्या विभागात तेव्हा बायकांसाठी संडाससुद्धा नव्हता. पुढं बाहेरून नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. त्याबद्दल बाई एवढंच म्हणायच्या, "स्वेच्छा त्यांची होती. निवृत्ती माझी."

मग शहरात आयटीवाले आले, आणि त्यांच्यासोबत आपोआप गियर पडणाऱ्या गाड्या आल्या. त्या बिघडल्या की कंपनीवाले अख्खा गियरबॉक्स बदला म्हणायचे. बाईंनी वयाच्या पन्नाशीत पुस्तकं आणून त्या गाड्यांच्या आतला संगणक शिकून घेतला. तपासणीची त्यांची रीत अशी. पुढं कधी बसायचं नाही. मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसायचं, चपला काढून बाजूला जोडीनं ठेवायच्या, खालची चटई उचलायची आणि उघडे तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवायचे. मग म्हणायचं, "चला. बोलू नका." कोथरूडमध्ये सगळे म्हणायचे की बाईंच्या तळव्यांना गियर दिसतात.

बोलणं तिरकस. एकदा माझ्यादेखत एक आयटीतला गृहस्थ आला. दहा मिनिटं तो इंटरनेटवर काय काय वाचलं ते सांगत होता. बाईंनी चहा संपेपर्यंत ऐकलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आपणच दुरुस्त का नाही केलीत?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत. एक चक्कर मारून आल्यावर म्हणाल्या, "गाडीत काही बिघाड नाही. आपला डावा पाय ब्रेकवर ठेवलेला असतो. या गाडीत त्याला काम नाही. त्याला सुट्टी द्या."

तर अशा बाई. आता माझं सांगतो.

मी आठवीत शाळा सोडली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या बाजूला आमचं गाव. बायको आणि आई तिकडंच. मी खराडीत आप्पांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. आप्पांचं घराणं मूळचं तिथलं. आज जिथं काचेच्या इमारती आहेत तिथं त्यांची ज्वारी उभी असायची. जमीन कंपन्यांना गेली आणि दारात एक भलीमोठी पिकअप आली. चार दारं, मागं उघडा हौदा, गियर आपोआप पडणारे. थोरल्या मुलानं, विशालनं, हौसेनं घेतलेली. त्यानं ती दीड वर्ष चालवली. साथीच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला, तेव्हा दुसऱ्या कुणाला बाधा नको म्हणून तो एकटाच ती चालवत दवाखान्यात गेला. "जाऊन येतो," म्हणाला. आला नाही. घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. गाडी दवाखान्याच्या आवारात दीड महिना उभी होती. मग कुणीतरी ओढत आणून अंगणात लावली.

त्यानंतर तीन महिन्यांनी मला ठेवलं. घरामागची एक खोली राहायला दिली. पहिल्या दिवशी काकूंनी, म्हणजे विशालच्या आईनं, चावी देताना एकच गोष्ट सांगितली.

"सीटला हात लावायचा न्हाय. त्यानं ठेवलीय तशी ऱ्हाऊ दे."

विशाल सहा फुटी. मी सव्वापाच. सीट पार मागं सरकवलेली. मी पाठीमागं चादरीची जाड घडी घेतली, सीटच्या कडेवर टेकलो आणि पायाच्या बोटांनी पेडल दाबत चालवू लागलो. काम मिळालं होतं, डोक्यावर छप्पर मिळालं होतं. सीटवरून कुठं बोलायचं?

पहिल्याच आठवड्यात तो धक्का लागला.

गेटातून बाहेर पडून डावीकडं वळलं की एक लिंबाचं झाड आहे. गाडी वेग घेत तिथवर आली की क्षणभर सगळं थांबल्यासारखं व्हायचं. इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडी जायची नाही. श्वास अडकावा तसं. आणि मग मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसा धक्का. माझी मान मागं जायची. हौदा रिकामा आहे हे माहीत असून मी दर वेळी वळून बघायचो.

दर गुरुवारी काकू पुढच्या सीटवर बसायच्या आणि आम्ही मंडईत भाजी आणायला जायचो. पहिल्या गुरुवारी लिंबापाशी धक्का बसला तेव्हा मी घाबरून म्हणालो, "काकू, मी नाही केलं."

त्या समोर बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "हळू रे."

मी वेग कमी केला.

"तुला न्हाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी गुरुवारी गाडीत बोलणं सोडलं. भाजी तर रोज दारावर येत होती. काकू मंडईसाठी येत नाहीत, त्या धक्क्यासाठी येतात, हे मला समजायला दोन महिने लागले. एखाद्या गुरुवारी धक्का लागला नाही तर त्या म्हणायच्या, "एक चक्कर अजून मार." मी मारायचो. भर दुपारी, लख्ख उन्हात, शेजारी बसलेली बाई कुणाची तरी वाट बघतेय आणि तो येणार आहे तो माझ्या पायाखालून, असं वाटायचं.

मग धक्के वाढले. एका सकाळी चौकात सिग्नल सुटला, गाडी अडखळली आणि एकदम पुढं झेपावली. पुढं स्कूटरवर एक बाई होती आणि तिच्यापुढं शाळेच्या कपड्यातलं पोर उभं होतं. हातभर अंतर राहिलं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

मी आप्पांना सांगितलं. त्यांनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. तिथून एक इंग्रजी कागद आला. आप्पांनी तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडून वाचून घेतला. गाडीत दोष नाही, चालकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे गियरबॉक्स खराब होत आहे, असं त्यात होतं.

आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पोरगं गेलं. त्याची गाडी बी घालवतोस काय? आठ दिस देतो. नीट करून आण, न्हायतर गावाला जा."

गावाला जायचं म्हणजे हात हलवत जायचं. आणि दुसरीकडं काम मागायला गेलो तरी तो कागद माझ्या आधी पोचला असता. गाड्या खराब करणारा ड्रायव्हर कोण ठेवतं? मंडईच्या पार्किंगमध्ये एका टेम्पोवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कोथरूडला एक बाई हायेत. तोंडानं तिखट हायेत. पण जाऊन बघ."

असा मी खांबेटे बाईंकडे पोचलो.

"बोला," त्या म्हणाल्या.

"बाई, म्हणजे गाडी चांगली चालून राहते, अन् मंग एकदम मागून कोणी ढकलून राहिलं असं वाटते."

"आपल्याकडची क्रियापदं फार राहतात," बाई म्हणाल्या. "कोण ढकलतं?"

मी हौद्याकडं बघितलं.

"माहीत नाही ना? मग कोणी म्हणू नका. काहीतरी म्हणा. आपलं नाव?"

"ईश्वर."

"चला, ईश्वरराव."

मला आयुष्यात कुणी आपण म्हटलं नव्हतं, आणि राव तर नाहीच. मला वाटलं माझ्या मागं कुणी उभं आहे.

बाई मागं डाव्या कोपऱ्यात बसल्या. चपला जोडीनं ठेवल्या, चटई उचलली, तळवे टेकवले. सोसायटीच्या मागच्या रस्त्यानं आम्ही दोन फेऱ्या मारल्या. धक्का दोनदा बसला. बाई तिसऱ्या फेरीत म्हणाल्या, "आपल्या आधी चालवणारा माणूस उंच होता."

"हो."

"शेवटी शेवटी त्याला दम लागत होता का?"

मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला आणि मागं वळलो. विशालबद्दल मी बाईंना एक शब्द सांगितला नव्हता.

"तुम्हाला कसं…"

"पाय ठेवत होता, काढत होता, परत ठेवत होता," बाई म्हणाल्या. "गाडीनं ते धरून ठेवलंय. चला, परत घ्या गॅरेजला."

गॅरेजमध्ये त्यांनी स्कॅनर लावला, आकडे बघितले आणि मला समजेल असं सांगितलं. या गाडीच्या गियरबॉक्सला एक छोटा संगणक असतो. चालवणारा पाय कसा ठेवतो, किती दाबतो, कधी सोडतो, हे तो शिकतो आणि त्याप्रमाणे गियर टाकतो. माणूस बदलला की हळूहळू जुनं सोडून नवं शिकतो. बॅटरी काढली म्हणजे हे पुसलं जातं असं पुष्कळांना वाटतं. या गाडीत जात नाही.

"मशीनला राग नसतो," त्या म्हणाल्या. "सवय असते. इतक्या महिन्यांत या गाडीला आपली सवय व्हायला हवी होती. का झाली नाही ते मला कळत नाही. उद्या खराडीला येते. रिकामा रस्ता बघून ठेवा."

"मी न्यायला येतो."

"गाडी तपासायला असते. मला आणायला नसते."

दुसऱ्या दिवशी त्या दोन बस बदलून आल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात स्कॅनर.

रिकामा रस्ता शोधावा लागला नाही. त्या काळात सगळे आयटीवाले घरूनच काम करत होते. आयटी पार्कमधले रुंद रस्ते दुपारी बारा वाजता मोकळे पडलेले. वीस मजले काच आणि आत माणूस नाही. दारांवर पहारेकरी होते, पण ते कुणाला अडवणार? आत जाणारं कुणी नव्हतं, बाहेर येणारं कुणी नव्हतं. कुठंतरी आतमध्ये एसीची मशीनं मात्र गुरगुरत होती. मी गाडी हळूहळू त्या काचांच्या कडेनं घेत होतो. काचेत दुसरी एक पिकअप आमच्या बरोबरीनं चालत होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्या काचेत बघा. गाडी कोण चालवतंय?"

मी बघितलं. मागच्या खिडकीत बाईंचा निळा कोट दिसत होता. पुढं ड्रायव्हरच्या खिडकीत उंच सीटची पाठ, आणि ती रिकामी. मी स्टिअरिंगला चिकटून बसलो होतो, म्हणून काचेत गाडीच्या पुढच्या खांबाआड गेलो होतो. पण ते कळायला मला थोडा वेळ लागला.

"कोणीच नाही," मी म्हणालो.

"बरोबर. हाच आजार आहे. आपण सीटवर बसत का नाही?"

मग मी सगळं सांगितलं. काकूंचा शब्द, चादरीची घडी, पायाची बोटं, विशालचा दवाखान्यापर्यंतचा प्रवास. बाई ऐकत होत्या. या वेळी त्यांनी 'झालं?' म्हटलं नाही.

"म्हणजे असं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आपला पाय पुरत नाही. बोटं पेडलवर पोचतात, निसटतात, परत पोचतात. त्या शेवटच्या दिवशी त्याचा पायही असाच पडत होता. ठेवला, सुटला, ठेवला. गाडीला कसं कळणार माणूस बदलला? तिच्या लेखी तोच दमलेला माणूस अजून चालवतोय. दवाखाना अजून आलेला नाही."

मी काचेतल्या त्या रिकाम्या सीटकडं परत एकदा बघितलं.

"म्हणजे चूक माझीच," मी म्हणालो.

"आपण सांगितलेलं ऐकलंत. त्याला चूक म्हणत नाहीत. सीट पुढं घ्यायची, जुनं पुसायचं आणि गाडीला आपला पाय शिकवायचा. तासाभराचं काम. पण मी विचारल्याशिवाय पुसत नाही."

का, तेही त्यांनी घराकडं जाताना सांगितलं. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त बँकवाले गाडी घेऊन आले होते. गियर अडखळतात म्हणाले. बाईंनी जुनं पुसलं, नवं शिकवलं, गाडी लोण्यासारखी चालू लागली. दोन दिवसांनी ते परत आले आणि पार्किंगमध्ये उभे राहिले. म्हणाले, "गाडी फार छान झाली, बाई. फक्त आता ती कुणाचीच वाटत नाही." गाडी त्यांची बायको चालवायची. ती जाऊन महिना झाला होता. ते बाईंच्या स्टुलावर तासभर बसून राहिले. बाईंकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. चहा केला, तो त्यांनी घेतला नाही.

"तेव्हापासून विचारते," बाई म्हणाल्या.

काकू पडवीत बसल्या होत्या. आप्पा आत होते, आवाज ऐकून दारात आले. बाईंनी पाणी घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. सीट पुढं घ्यावी लागेल, गाडीची आठवण पुसावी लागेल.

"ती जागा त्याची हाय," काकू म्हणाल्या. "तिथं कुणी हात लावायचा न्हाय."

"काकू, त्या दिवशी चौकात एक पोरगं थोडक्यात वाचलं," मी म्हणालो. त्या घरात मी पहिल्यांदाच उलटून काही बोललो होतो.

काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही. बाईंना म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या हायसा. तुमास्नी वाटंल म्हातारीला येड लागलंय. पण गाडीत तो येतो. मला कळतं."

मला वाटलं आता बाई तिरकस काही बोलणार. त्या बोलल्या नाहीत. समोरच्या पायरीवर बसल्या.

"तो नाही, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण तो धक्का त्याच्या सगळ्या दिवसांचा नाही. शेवटच्या दिवसाचा आहे. गाडीनं तेवढाच धरून ठेवलाय. आपण दर गुरुवारी बसता, तेव्हा त्याला तीच वाट पुन्हा चालवावी लागते."

आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"लई दम लागत हुता का त्याला?" काकूंनी विचारलं.

कुणीही सांगितलं असतं की नाही, फार नाही. मी तर सांगितलंच असतं.

"हो," बाई म्हणाल्या.

काकू उठल्या. अंगण ओलांडून गाडीशी गेल्या, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि वाकल्या. खटका कुठं असतो ते त्यांना माहीत नव्हतं. मी लांबूनच बोटानं दाखवला. त्यांनी तो ओढला. सीट हलेना. किती दिवसांची धूळ बसली होती. त्यांनी दोन्ही हात लावून पुढं रेटली, तेव्हा ती एकदम सरकली आणि खट्ट झालं. चादरीची घडी त्यांनी स्वतः काढून माझ्या हातात दिली.

"बस," म्हणाल्या.

मी बसलो. पाय पुरले. पाठ टेकली. इतक्या महिन्यांत त्या गाडीत माझी पाठ टेकली नव्हती.

बाईंनी स्कॅनर जोडला. "पुसू?"

"एकदा फिरवून आण," काकू म्हणाल्या. "मंग पूस."

त्या पुढं बसल्या, बाई मागं. गेटातून बाहेर, डावीकडं. लिंबापाशी गाडीनं श्वास घेतला, ती थांबली आणि मागून ढकललं. माझा पाय आता घट्ट होता, तरी ढकललं. जुनं अजून आतच होतं. काकूंनी समोरच्या पॅनेलवर तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

"नीट जा," त्या म्हणाल्या.

परत येऊन बाईंनी बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही. पडद्यावर शून्यं आली. मग तासभर त्या रिकाम्या रस्त्यांवर शिकवणी चालली. "एवढाच पाय. सोडू नका. श्वास घ्या, ईश्वरराव, श्वास सगळ्यांना लागतो. आता थांबा. पुन्हा." वीस वेळा, तीस वेळा. काकू उतरल्या नाहीत. शेवटी घराकडं वळलो, लिंब आला आणि मागं गेला. काही झालं नाही. काहीच झालं नाही हे इतकं मोठं वाटलं की मी वळून हौद्याकडं बघितलं.

काकू माझ्याकडं बघत होत्या. बहुतेक पहिल्यांदाच.

"आता पुरतो का रे पाय तुझा?"

"पुरतो, काकू."

"मंग इतके दिस सांगायचं न्हाय का?"

बाईंनी पिशवीतून जुन्या दिनदर्शिकेचं एक पान काढलं. त्या सगळे निकाल असल्या पानांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायच्या. लिहिलं, 'चालकाची चूक नाही. सीटची जागा चालकाच्या उंचीची नव्हती. चालक चांगला आहे.' खाली सही. ते आप्पांच्या हातात देऊन म्हणाल्या, "त्या इंग्रजी कागदाला टाचणीनं लावून ठेवा. वर हा, खाली तो."

आप्पांनी दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "आठ दिसाचं मी रागात बोल्लो. खोली तुझीच हाय."

मी बाईंना बस स्टॉपवर सोडायला गेलो. काम संपलं होतं म्हणून त्या गाडीत बसायला तयार झाल्या. उतरताना त्यांची एक चप्पल गाडीतच राहिली आणि त्या तशाच चार पावलं डांबरावर गेल्या. डांबर चटका देणारं होतं. मी धावत चप्पल नेऊन दिली. त्यांनी पायाकडं बघितलं, तेव्हा त्यांना कळलं.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "साखरेनं तळवे गेलेत. काही लागत नाही."

"पण मंग तुम्ही गाडीत…"

"मागं बसून चालवणाऱ्याची मान बघते. धक्का बसायच्या आधी मानेला कळतं. आपली तर गेटाबाहेर पडल्यापासूनच आखडलेली असायची. तळवे उघडे ठेवते, कारण लोकांना ते बरं वाटतं."

मी उभा राहिलो. बस लांबून येताना दिसत होती.

"बाई, मग त्याला दम लागत होता, ते? माझ्या मानेवरून तर ते कळणार नाही. अन् आकडे तुम्ही नंतर बघितले."

बाईंनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"ते मलाही कळलेलं नाही, ईश्वरराव," त्या म्हणाल्या. "आपण विचारू नका. मीही विचारत नाही."

बस आली, त्या चढल्या.

त्यानंतर मी अधूनमधून कोथरूडला जायचो. त्या कोरा चहा द्यायच्या आणि माझं बोलणं दुरुस्त करायच्या. मग सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं आणि पार्किंग रिकामं करायला सांगितलं. बाईंची भाची नागपूरला असते. ती त्यांना न्यायला आली, त्या दिवशी मी टेबल उचलू लागायला गेलो होतो. बाई भाड्याच्या गाडीत मागं बसल्या. निळा कोट नव्हता. कोटाशिवाय त्या खूप लहान दिसत होत्या.

"रातभर आराम करा गाडीत," मी म्हणालो. "नागपूर दूर आहे."

"गाडीत झोप लागत नाही मला. चाळीस वर्षं झाली. कुठली तरी गाडी सारखी काहीतरी सांगत असते." मग जरा थांबून म्हणाल्या, "सोपं असतं, नाही का, लोकांचं? बसतात आणि झोपतात."

गाडी निघाली. मागच्या काचेतून त्या दिसत होत्या, ताठ, हात वरच्या दांडीला धरलेला. वळणापर्यंत दिसल्या.

आमच्या गावाची वाट नागपूरवरूनच जाते. उमरेड, भिवापूर, मग नागभीड, मग आमचं गाव. एक दिवस मी सुट्टी काढून नागपूरला जाईन आणि बाईंना मागं नाही, पुढं बसवीन. त्या पानावर त्यांनी लिहिलेले चार शब्द मी त्यांना परत देऊ शकत नाही, तेवढं मला लिहिता येत नाही. पण गाडी मी अशी चालवीन की नागभीड यायच्या आत त्यांना झोप लागेल. गाडी कुणाची असेल ते आज माहीत नाही. पाय माझा असेल.